काठी बसते का?

९ सप्टेंबर, मंगळवार

आणि वर दादा म्हणतो, तू एका जागी बसत नाहीस. सगळं बोलून झालं की शेवटी गाडी तिथंच. चिखलीचा ढाबा मी सोडला का? रस्ता रुंद झाला, ढाबा पाडला, मी काय पडलेल्या भिंतीला टेकून उभा राहणार होतो? पुण्याची वॉचमनकी सोडली ते खरं. पण तिथं तर दिवसभर खुर्चीवर बसायचंच काम होतं, आणि बसणं याला जमत नाही हे दादाच सगळ्या मेहकरला सांगत फिरतो. मग सोडली तर चिडतो कशाला?

आज विचारतो, "हे कर्जत कुठं आलं रे? मुंबईच्या अलीकडं का पलीकडं?"

"अलीकडं."

"मंग अर्ध्यात कायले उतरला? मुंबईलेच जायचं ना."

"मी कर्जतला पण नाही. खालापूर तालुक्यात आहे. खोपोलीजवळ साजगाव म्हणून आहे, तिथून आत."

"म्हणजे आनखी अलीकडं," म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

सायटीच्या पत्र्याच्या खोलीत सिमेंटवाल्याची जुनी डायरी पडली होती, कोरीच्या कोरी. तारखा खोडून माझ्या घालतोय. म्हणलं दादा बोलू देत नाही ते इथं लिहू. शाळा सुटल्यावर पेन धरला तो आज.

काम असं आहे. ओढा सिमेंटच्या पाईपात घालायचा, त्याच्यावर माती भरायची, वर गोदामासाठी सपाट मैदान करायचं. पाईप एवढा मोठा की माणूस वाकून आत चालत जातो. मला काठी धरायचं काम दिलंय. काठी म्हणजे काय ते उद्या परवा लिहीन, जेवायला हाक आली.

११ सप्टेंबर, गुरुवार

इथले इंजिनियर टिपणीस साहेब. अजेय टिपणीस, घर कर्जतला, पिढ्यान्‌पिढ्यांचं. माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठे असतील. स्कूटरवर येतात आणि इस्त्रीच्या प्यांटीनं सरळ चिखलात उतरतात, ते मला आवडलं.

आज मला खड्ड्याच्या काठावर उभं केलं. "प्रबुद्ध, पाईप फुटतो कशानं?"

"मातीच्या वजनानं."

"किती मातीच्या?"

"वर असेल तेवढ्या."

"चूक," म्हणाले आणि एकदम खूश झाले. माणूस चुकला की यांना बरं वाटतं, कारण मग सांगता येतं.

ते म्हणाले, खड्डा अरुंद असला की भरलेली माती खाली बसताना दोन्ही बाजूंच्या भिंतींना घासत जाते. त्यांना धरते. मग थोडं वजन भिंती घेतात, पाईपवर कमी येतं. खड्डा रुंद केला की मधली माती भिंतींपासून लांब पडते. तिला धरायला कोणी नाही. ती सगळी पाईपच्या उरावर. "आणि नुसती रुंदीच्या हिशेबानं वाढत नाही, वर्गाच्या हिशेबानं वाढते." वर्ग म्हणल्यावर मला सातवीचा वर्ग आणि खिडकीजवळचा बाक आठवला, त्यामुळं पुढचं थोडं निसटलं. एवढं कळलं की सात फुटांचे नऊ झाले तर वजन दीडपटीवर जाईल आणि हा पाईप त्या वजनाचा नाही. त्याच्यासाठी वरच्या नंबरचा पाईप लागतो, तो महाग.

म्हणून काठी. सात फुटांचा बांबू. पाईपच्या माथ्याच्या उंचीला खड्ड्यात आडवा धरायचा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

"काठी बसली पाहिजे," साहेब म्हणाले. "मी रोज फोन करून विचारीन, काठी बसते का. बसली तर काम पुढं चालू. नाही बसली तर सगळं थांबवायचं आणि मला सांगायचं. ठेका घेतलेला शेठ ओरडला तरी."

मी म्हणलं, बसवतो साहेब.

काम सोपं आहे. पण माती भिंतीला धरते हे डोक्यातून जाईना. आतापर्यंत मला माती म्हणजे पडून राहिलेली वस्तू वाटायची.

१५ सप्टेंबर, सोमवार

माझ्या जोडीला शुक्रा आहे. वरच्या वाडीतला, पळसदरीच्या बाजूचा डोंगर उतरून रोज चालत येतो. त्याची आई सोनाबाई पण कामावर आहे, घमेली उचलते. बसवलेल्या पाईपांचे जोड आतून सिमेंटनं भरायचे ते शुक्राचं काम. दिवसातला निम्मा वेळ तो पाईपात असतो.

"तुमी किती शिकलात?" पहिल्याच दिवशी विचारलं.

"सातवी. नापास."

"मंग साहेबच की! मी दुसरीत व्हतो तवा मास्तर पळाला. मी नाय पळालो हां, मास्तर पळाला."

माझं नाव त्याला जमत नाही, परबुद म्हणतो. सोनाबाई परबुद्या म्हणते.

आज शुक्राला जेवायला बोलवायला मी पाईपाच्या तोंडात तोंड घालून "शुक्रा" म्हणणार तेवढ्यात सोनाबाईनं माझा दंड धरला. "नाव घ्यायचं नाय. पाईपात नाव घिऊन हाक मारायची नाय, परबुद्या. ओ कोन देईल ते सांगता येत नाय." मग तिनं दगड घेऊन पाईपावर दोनदा मारलं. टक टक. थोड्या वेळानं आतून आलं, टक टक. म्हणजे शुक्रा आहे, ठीक आहे, येतोय.

मला हसू आलं. बाबा असते तर दोन तास भाषण दिलं असतं. आमच्या घरात भुताचं नाव काढलं की बाबा म्हणायचे, भुतं असती तर त्यांनी आपल्यालाच आधी धरलं असतं, गावाबाहेर मसणाशेजारी आपणच राहत होतो. कधी धरलं नाही, म्हणजे नाहीत.

मी हे सोनाबाईला सांगितलं. ती म्हणाली, "तुजा बाप शाना व्हता. पन तो पाईपात कवा गेल्ता?"

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आज मी काम थांबवलं. मी! काठी खाली नेली तर मधेच अडली, भिंतीतून एक काळा दगड बाहेर आला होता. काठी बसेना. पोकलेनवाला म्हणाला चालतंय. मी म्हणलं नाही चालत, काठी बसली पाहिजे. शेठ गाडीतून उतरला नाही, काच खाली करून दोन शिव्या दिल्या आणि काच वर केली. तरी मी हललो नाही. दगड काढून भिंत छाटून घेतली.

संध्याकाळी साहेबांचा फोन. "काठी बसते का?"

"मधे बसत नव्हती साहेब, काम थांबवलं. भिंत कापून घेतली. आता बसते."

"शाब्बास, प्रबुद्ध."

मला आतापर्यंत असं कोणी म्हणलेलं नाही. दादाला फोन करून सांगणार होतो, पण तो म्हणला असता, काठी धरायचा पगार देतात का तिकडं.

आज पहिल्यांदा बसवलेल्या पाईपात शेवटपर्यंत जाऊन आलो, खालच्या तोंडातून शिरून वरच्या उघड्या टोकातून बाहेर. आत आपलाच श्वास मागून येतो. मान वळवावीशी वाटते. नाही वळवली.

२४ सप्टेंबर, बुधवार

पाऊस जायचं नाव नाही. सोनाबाई म्हणते नवरात्र धुऊन काढणार यंदा.

सकाळी पाहिलं तर मधल्या भागात खड्ड्याची एक बाजू घसरली होती. बरीच. भिंत जाऊन तिथं पोट सुटल्यासारखी पोकळी झाली होती. पोकलेननं ढिला झालेला गाळ काढला, तर दुसरी बाजू पण आली. शेठ म्हणाला, पाईप उतरवा आणि भरून टाका पटकन, अजून पडायच्या आत.

मी आधी काठी धरली. नियम म्हणजे नियम. काठी मस्त बसली. दोन्हीकडं हातभर जागा उरली, मी काठी आणि भिंतीच्या मधून चालून दाखवलं. एरवी पाईप उतरवताना भिंतीला घासतो, माणसाचा हात सापडायची भीती. आज एकदम मोकळं, पोरं खूश.

साहेबांना ताप आहे, डेंगी निघाला, कर्जतला घरी झोपून आहेत. आवाज खोल गेलेला. रेंज पण येत जात होती.

"काठी... बसते का?"

"बसते साहेब. आरामात बसते."

"काय?"

"बसते!"

"छान. भरून घ्या."

२८ सप्टेंबर, रविवार

तीन दिवस डंपर चालू आहेत. ओली लाल माती, वरून रोलर. पाईपांवर आता दोन माणसं उंच माती चढली आहे, अजून चढायची आहे. पाईप कुठं आहे ते वरून कळतसुद्धा नाही.

आत मात्र कळतं. रोलर वरून गेला की पाईपात पोटात आवाज येतो. कानात नाही, पोटात.

१ ऑक्टोबर, बुधवार

शुक्रानं आज एक गोष्ट दाखवली. भिंत पडली होती त्या जागेच्या खाली, पाईपाच्या बरोबर माथ्यावर, आतल्या बाजूनं एक रेघ आहे. केसासारखी बारीक. पेन्सिलीनं पट्टी धरून मारावी अशी सरळ. एका पाईपातून पुढच्या पाईपात गेलेली, तिथून पुढच्या.

"बाईनं भांग पाडलाय," शुक्रा म्हणाला. हसत म्हणाला, पण बॅटरी लगेच खाली घेतली.

"कोण बाई?"

"मला काय म्हाईत? माझी वळख नाय तिच्यासंगं."

मी पुन्हा वर पाहिलं. भांगच तो. आता मला दुसरं काही दिसेचना. आपण कोणाच्या तरी डोक्याच्या आतून चाललोय असं वाटायला लागलं.

साहेबांना सांगायचं मनात आलं. पण काय सांगू? पाईपात बाईनं भांग पाडलाय? प्रबुद्ध नाव, बाबांचा मुलगा, आणि असलं बोलायचं? शाब्बास म्हणलेत ते परत घेतील. फोन आला तेव्हा काठीचं विचारलं, बसते म्हणून सांगितलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा, धम्मचक्राचा दिवस. सुट्टी. पांढरा शर्ट धुऊन घातला, कर्जतला विहारात गेलो, वंदना घेतली. तिथल्या बायांनी खीर दिली, डबाभर मागून आणली. शुक्राला वाडीत नेऊन दिली. अर्धा डबा एकट्यानं खाल्ला आणि म्हणाला, "तुमचा देव बरा हाय."

"देव नाही म्हणतो आम्ही."

"मंग खीर कोनी क्येली?"

तिथंच जेवलो. सोनाबाईनं तांदळाची भाकरी आणि वाळलेली मासळी केली होती. तिनं विचारलं, आई आहे का. नाही म्हणलं. पुढं काही विचारलं नाही, पण भाकरी अजून एक वाढली. दोन महिने काम टिकलं तर इथंच एखादी खोली बघावी असं पहिल्यांदा वाटलं. दादाला हे सांगणार नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

भांगात कुंकू भरलं.

हे मी लिहितोय, मी. पण दुसरं काय म्हणावं? रेघ रुंद झाली आहे, नख जाईल एवढी, आणि तिच्यातून लाल पाणी पाझरतंय. मधोमध, सगळ्या लांबीभर. शुक्रानं बोट लावून वास घेतला. "लोखंडाचा वास मारतो," म्हणाला. मग बोट प्यांटीला पुसलं. बराच वेळ पुसत राहिला.

आणि दुसरं. दुपारी शुक्रा माझ्यासोबत बाहेर विडी ओढत बसला होता. आत कोणी नव्हतं. आणि पाईपातून आलं, टक. मग थोडं थांबून, टक.

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. शुक्रानं विडी विझवली. "आत कोन ग्येलाय?"

"कोणी नाही."

"मंग मी हाय का आत?" म्हणाला. नंतर हसला. मला हसू आलं नाही.

सोनाबाईला सांगितलं नाही. तिनं त्याला कामावरून काढून नेलं असतं. शुक्रा म्हणाला दिवाळीपर्यंत जोड संपतील, मग झालं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

काल झालं ते आज लिहितोय. क्रमानं लिहितो, नाहीतर जमणार नाही.

काल दुपारी साहेब आले. तापातून उठलेले, स्वेटर घातलेला, स्कूटरवरून उतरताना हात धरावा लागला. पुढच्या उघड्या खड्ड्यात मी काठी धरून उभा होतो. पाऊस लागून तिथलीपण भिंत घसरली होती. ते काठावर येऊन पाहत राहिले.

"प्रबुद्ध, काठी कुठं बसते?"

"ही काय साहेब. बसली."

"अरे, दोन्हीकडं हातभर मोकळं आहे."

"म्हणूनच बसली ना. आरामात."

साहेबांनी मागं वळून भरलेल्या भागाकडं पाहिलं. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "मागं भरलंय ते सगळं असंच?"

"नाही साहेब. सुरुवातीचं तंग होतं. मधे भिंत पडली तिथं मात्र याच्यापेक्षा आरामात."

साहेब चिखलात खाली बसले. इस्त्रीच्या प्यांटीनं. "बसते म्हणजे घट्ट बसते रे," म्हणाले. "बाटलीला बूच बसतं तशी. त्याहून रुंद नको म्हणून तर काठी." मग ताडकन उठले. "रोलर बंद करा! आत कोण आहे?"

सोनाबाई घमेलं टाकून खालच्या तोंडाशी धावली. दगड उचलला, मारलं. टक टक. आतून आलं, टक. टक.

"हाय," ती म्हणाली. "आतच हाय त्यो."

साहेब पुढं व्हायला लागले, पण त्यांना धड चालता येत नव्हतं. मी आत शिरलो.

आत वाकून पळता येत नाही, नुसता खुरडत होतो. पुढं टकटक चालूच होती. एक एक, सावकाश. मी बॅटरी मारली, शुक्रा दिसेना. भांग होता तिथं पोचलो. पाईप गोल राहिला नव्हता. दोन्ही बाजूंनी फुगून आडवा झाला होता, अंड्यासारखा. माथ्यावरची रेघ उघडून बोट जाईल एवढी झाली होती आणि तिच्यात आतल्या गजाची लाल शीर दिसत होती. टक झालं. माझ्या डोक्यावर झालं. खपली पडली खांद्यावर. पाईपच वाजत होता. फुटताना वाजत होता. कोणी ठोकत नव्हतं.

मी ओरडलो, "शुक्रा!" सोनाबाईनं नको म्हणलेलं होतं. ते तेव्हा आठवलंसुद्धा नाही. आवाज पुढं गेला आणि परत आला. मी पुन्हा ओरडलो, "शुक्रा! बाहेर ये रे!"

पुढून ओ आला.

लांबून. माझ्याहून जाड आवाजात. आणि मी मनात म्हणलं, घुमतंय. बाबा म्हणायचे तसं म्हणलं, भुतं नसतात, हा आपलाच आवाज घुमतोय. माती पडायला लागली होती. मी मागं फिरलो.

बाहेर आलो तर सोनाबाई माझ्या मागं बघत होती. "शुक्रा?"

"आत कोणी नाही. पाईप वाजतोय नुसता."

तेव्हा झालं. मोठा आवाज नाही आला. एखादा जाड माणूस खाटेवर बसावा तसा. वरची जमीन एवढीशी खाली गेली आणि पाईपाच्या तोंडातून वारा आला, गार, सिमेंटच्या वासाचा.

कोणीतरी म्हणालं, बसला. पाईप बसला.

मग वरच्या चेंबरकडून, पाईपात उतरायच्या वरच्या तोंडाकडून, पोकलेनवाला पळत आला. त्यानं सांगितलं, शुक्रा त्याच्याजवळ बसून तंबाखू मळत होता. पाईपातून हाक ऐकली आणि म्हणाला, परबुद अडकला वाटतं, माझं नाव घेतोय. ओ दिला आणि उतरला.

पुढचं थोडक्यात लिहितो. जिथून टकटक येत होती तिथं आम्ही खोदलं. मीच दाखवलं, इथून येतंय म्हणून. पोकलेन लावला, वरची माती काढली, मग हातानं काढली. सोनाबाई हातानं काढत होती. पाईप लागला, फोडला. आत कोणी नव्हतं. तो तडकलेला पाईप तसाच वाजत होता, टक, टक. शुक्रा तिथून बराच वर, चेंबरच्या बाजूला मातीखाली होता. जिथून काहीच आवाज येत नव्हता तिथं.

१२ ऑक्टोबर, रविवार

जबाब झाला. हवालदारानं विचारलं, काठी बसत होती का?

"आरामात बसत होती."

त्यानं लिहिलं, काठी बसत होती. मी म्हणलं, आरामात पण लिहा. तो म्हणाला, "आरामात वगैरे असं जबाबात लिहीत नाहीत."

"मग सगळा जबाब उलटा होतो साहेब. आरामात बसत होती हीच तर चूक."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग शेजारी उभ्या असलेल्या शेठच्या माणसाकडं. शेठच्या माणसानं मला बाहेर चहाला बोलावलं. म्हणाला, शुक्रा न विचारता आत गेला एवढं म्हण, तू पण सुटशील, साहेब पण सुटेल. मी चहा घेतला नाही. आत येऊन म्हणलं, अजून एक लिहा. शुक्रा स्वतःहून नाही गेला. मी नाव घेऊन हाक मारली, म्हणून आला. हवालदार दोन्ही लिहीपर्यंत मी सही केली नाही.

टिपणीस साहेबांनी त्यांच्या जबाबात लिहिलं की बसते हा शब्द त्यांचा होता आणि दोन्हीकडं किती जागा राहते हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. बाहेर पायरीवर आम्ही शेजारी बसलो होतो. ते म्हणाले, "सगळा हिशेब बरोबर होता रे. मातीचं वजन, ओलीचं, रोलरचं. सगळं धरलं होतं." त्यांनी स्वेटर घट्ट ओढून घेतला. ताप उतरला नसेल.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

वाडीत गेलो. वाटेत दोनदा परत फिरलो.

सोनाबाई दारात तांदूळ निवडत होती. मी जमिनीवर बसलो. हाकेचं सगळं सांगितलं. ओ आला होता आणि मी तो घुमणं समजून मागं फिरलो, ते पण. हे पोलिसांना सांगितलं नव्हतं, त्यांनी विचारलं नव्हतं.

तिनं सूप खाली ठेवलं नाही. "कितींदा मारलीस हाक?"

"दोनदा."

"मंग पयल्याच हाकंला उठला आसंल," ती म्हणाली. "ल्हानपनापासनं पयल्या हाकंला येतो. दुसरी मारायला लागत नाय."

येतो म्हणाली. मी तिथून उठू शकलो नाही. संध्याकाळी तिनंच सांगितलं, जा आता, उतार निसरडा हाय.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

काम बंद. सायट सील केली. खोलीतलं सामान घेऊन कर्जतला आलोय, बाजाराजवळ एका ओळखीच्याच्या दुकानामागं झोपतो.

दादाला सांगितलं. पहिल्यांदा तो मधे बोलला नाही. शेवटी म्हणाला, "घरी ये." मग म्हणाला, "नाय आला तरी चालते. पण फोन करत जा."

पुढं काय करायचं ठरलेलं नाही. पायांना निघायची सवय आहे, ते रोज सकाळी निघायला तयार असतात. पण अजून एकदा जबाबाला बोलावणार आहेत, तोवर इथंच राहायचं असं मी पायांना बजावलंय. कालपासून एक गोष्ट करतो. चालताना रस्त्यात कुठं गटाराचा पाईप उघडा दिसला तर थांबतो. आत बघत नाही. नुसता ऐकतो. वाजत नसला की पुढं जातो.

उरलेला पगार आज मिळाला. सोनाबाईकडं फोन नाही. जो आहे तो शुक्राचा, तोच आता तिच्याजवळ असतो, आणि शेजारची शकू तिला चालवून देते. शकू मला फोनवर म्हणाली, दादा, त्याच नंबरवर टाका, दुकानातून मी काढून देईन आजीला.

नंबर टाकला. थोडा वेळ गोल फिरलं. मग वर त्याचा फोटो आला, उन्हात डोळे बारीक केलेला, आणि खाली त्याचं नाव. त्याच्याखाली विचारतंय, यांनाच पाठवायचे का. बराच वेळ तसाच बसलोय फोन धरून. स्क्रीन विझली की पुन्हा लावतो, नाव पुन्हा येतं.

हो दाबतो आता. नऊ हजार चारशे रुपये.